जीपीएस लावला म्हणून ग्रीसगन ठेवून देऊ नका

सिंहस्थाची कामं सुरू झाल्यापासून नाशिकच्या जेसीबी-पोकलेन मशीनमालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मशीनला जीपीएस असेल तर रोजची तपासणी बंद करा, बिघाड असला की मोबाईलवर आधीच कळतो.’ हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं महागात पडतं.

मशीनची माहिती मोबाईलवर पाठवणारी कुठलीही यंत्रणा, जेसीबीचं लाइव्हलिंक घ्या किंवा कोमात्सूचं कोमट्रॅक्स, सेन्सर जे मोजतो तेवढंच ते सांगतं: मशीन कुठे आहे, इंजिन किती तास चाललं, तापमान, फॉल्ट कोड (बिघाडाचा सांकेतिक क्रमांक). बकेटच्या पिनेला सेन्सर नसतो. ग्रीस संपलं की बुश (पिनेभोवतीची धातूची नळी) झिजत जातो, पीन डुगडुगायला लागते, आणि मोबाईलवर मात्र सगळं हिरवंगार! होजच्या (ऑइलच्या रबरी पाइपच्या) क्रिम्पपाशी, म्हणजे दाबून बसवलेल्या जोडापाशी, ऑइल पाझरून त्यावर धूळ चिकटलेली असते, तीही फक्त डोळ्यांनाच दिसते. पोकलेनच्या चेनचा ताण, झिजलेले दात यांचंही तेच.

तासांचाही घोळ आहे. ऑपरेटर इंजिन चालू ठेवून चहाला गेला तरी मीटर पळतो. सर्व्हिसिंग त्या तासांवरच करायचं, आयडलिंगचे तास वजा करून नाही. खडी क्रशरच्या धुळीत तर एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या तासांच्या आधीच चोंदतो.

जीपीएस काढून टाका असं कुणी म्हणत नाही. डिझेलचोरी पकडायला आणि सर्व्हिसची तारीख न चुकवायला तो उत्तमच. पण सकाळी स्टार्टर मारण्याआधी इंजिन ऑइलची डिपस्टिक ऑपरेटरनेच बघायची, मशीन सपाट जागेवर उभं करून.