करवंद खोडायला लावणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, वेळ नसेल तर लाइक करून पुढे जा, तसंही तुम्ही तेच करता.

आज आमचं महिन्याचं वाइन टेस्टिंग होतं, नाशकात गंगापूर रोडला एका मित्राकडे. आठ जण, सहा बाटल्या, सगळ्या पेपरात गुंडाळलेल्या, म्हणजे लेबल बघून कोणी शहाणपणा करू नये. एक ताई पहिल्यांदाच आल्या होत्या, शाळेत शिकवतात, मूळच्या पेठकडच्या. तिसरा ग्लास आला (शिराज होती ते नंतर कळलं, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन), सगळे आपापलं नाक खुपसून बसलेले, आणि ताई म्हणाल्या, "मला करवंदाचा वास येतोय. पिकलेलं, पण चीक असलेलं." अहाहा! ऐकूनच तोंडाला पाणी सुटलं. आणि आमच्यातले एक सीनियर हसून म्हणतात, "मॅडम, वाइनमध्ये करवंद नसतं. ब्लॅकबेरी म्हणा." सगळे हसले. वाईट हेतूने नाही, पण हसले. ताईंनी पेन उचललं, करवंद खोडलं, वर ब्लॅकबेरी लिहिलं. नंतरच्या तीन ग्लासांवर त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. पावाचा तुकडा चघळत. मीही बोललो नाही.

अरे, वाइनमध्ये करवंद नसतं तर ब्लॅकबेरी तरी कुठे असते? द्राक्षं असतात भो, फक्त द्राक्षं! बाकी सगळं "कशासारखं लागतं" एवढंच आहे. मग आपण खाल्लेल्या फळासारखं लागलं तर बिघडलं कुठे? त्या खोलीतल्या किती जणांनी काट्यातून हात घालून ब्लॅकबेरी तोडून खाल्लीये? आणि ब्लॅक करंट म्हणजे आपल्याला आइस्क्रीम. सध्या त्र्यंबक रोडला पळसाच्या पानात करवंदं घेऊन बायका बसतात, तिथे गाडी थांबवायची लाज वाटते आणि इथे गुगलवर फोटो बघितलेलं फळ ग्लासात सापडतं.

आता मी एवढा का चिडलोय ते सांगतो, कारण खोडणारा पहिला मी आहे.

चार वर्षांपूर्वी माझं पहिलं टेस्टिंग. तेव्हाही शिराजच होती. मला जांभूळ आलं, आणि थोडंसं जुन्या चामड्याच्या चपलेसारखं, म्हणजे पावसाळ्यानंतर कपाटातून काढतो ना तसं. लिहिलंही होतं. तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "वा, काळी मिरी काय जबरदस्त आहे!" पलीकडचा म्हणाला हो, समोरची म्हणाली हो हो. मला काळी मिरी काय, मिरीचा म पण येत नव्हता. मी काय केलं? जांभूळ खोडलं, चप्पल तर अशी खोडली की कागद फाटला, आणि लिहिलं "काळी मिरी, भरपूर". भरपूर! त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं मी प्रत्येक शिराजला काळी मिरी लिहिली. रंग गडद दिसला की लिहायचं. लोक माना डोलवायचे, मलाही वाटायचं शिकलो बुवा आपण.

मग गेल्या वर्षी कोणीतरी खेळ केला. तीन ग्लास, दोनात एकच वाइन, एकात वेगळी, वेगळी ओळखा. वेगळी होती ती म्हणे मिरीने नुसती भरलेली. बाकीच्यांनी पटापट ओळखली. मला तिन्ही सारख्याच. तिघांचाही वास घेऊन घेऊन नाक बधिर झालं, पण नाही म्हणजे नाही. घरी येऊन वाचलं तर कळलं की शिराजमधली ती मिरी रोटुंडोन नावाच्या एका पदार्थाची असते, काळ्या मिरीतही तोच असतो, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली तो पकडला, आणि साधारण पाचातल्या एकाला तो येतच नाही, कितीही घाला. म्हणजे माझ्या नाकाला ते दारच नाही! घरी मिरपूड कळते, कारण मिरीत बाकीचेही वास असतात, पण वाइनमधली नाही कळत. आणि मी तीन वर्षं "भरपूर" लिहीत होतो. पहिल्या दिवशी खरं बोललो असतो तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

बरं, मान्य करतो, कॉमन शब्द लागतात. प्रत्येकाने आजीच्या ट्रंकेचा वास सांगायला सुरुवात केली तर कोणालाच काही कळणार नाही. ठीक आहे. पण कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीतल्या अ‍ॅन नोबल बाईंनी 1984 च्या सुमारास ते वासांचं चक्र केलं ना, म्हणजे वाइनच्या वासांची नावं मांडलेला गोल तक्ता, जे आमचे सीनियर लॅमिनेट करून आणतात, ते कशासाठी केलं? लोकांनी "एलिगंट", "भारदस्त" असलं हवेतलं बोलणं सोडून हाताला लागेल अशा वस्तूचं नाव घ्यावं म्हणून. आता करवंदाइतकी हाताला लागणारी वस्तू दाखवा! चीक धुतला तरी जात नाही.

आणि दुसऱ्याच्या शब्दाने नाक कसं फिरतं ते माहितीये का? 2001 साली फ्रान्समध्ये, बोर्डोला, वाइन शिकणाऱ्या 54 मुलांना पांढऱ्या वाइनमध्ये लाल रंग टाकून दिला, वास-चव नसलेला रंग, आणि पोरांनी तिला लाल वाइनचे शब्द लावले. शिकलेली पोरं हां ती, बोर्डोची! नुसत्या रंगाने ही गत, मग वीस वर्षं पिणारा माणूस जोरात "ब्लॅकबेरी" म्हणाला की ताईंचं काय होणार. माझं काय झालं, सांगितलंच.

माझे वडील निफाडला द्राक्ष करायचे. आयुष्यात थेंब घेतला नाही. पण बागेत शिरल्या शिरल्या म्हणायचे, "कुबट येतंय, भुरी धरली कुठेतरी," आणि दोन ओळी पुढे पान उलटलं की खरंच त्या बुरशीची पांढरी पावडर. त्यांना कोणी विचारलं नाही की अण्णा, कुबट हा शब्द चक्रात आहे का. जाऊ दे, ते आठवलं की मी वेगळ्याच रुळावर जातो.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. खरं सांगायचं तर ते सीनियर माणूस म्हणून वाईट नाहीत. चव घेऊन झाली की वाइन थुंकायला मला त्यांनीच शिकवलं, नाहीतर मी पहिल्या दिवशी सहाच्या सहा गिळून सगळ्यांना वीसपैकी एकोणीस दिले होते. लाल वाइन आपल्याकडच्या मे महिन्यात तशीच ओतली तर काढा लागते, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, हेही त्यांचंच. सेंट लावून येऊ नको, हेही. त्यांनाही बहुतेक कोणीतरी कधीतरी काहीतरी खोडायला लावलं असेल. पण तरी आज चुकलं त्यांचं. आणि माझं जास्त चुकलं, कारण त्यांना माहिती नाही, मला माहिती आहे खोडल्यावर काय होतं.

नाशकात राहतो आपण राव. 2000 साली इथल्या सुला वायनरीची पहिली वाइन आली तेव्हा घरोघरी "द्राक्षाची दारू" म्हणून नाकं मुरडली होती, आता पाहुणे आले की त्यांना मिसळ खाऊ घालून वायनरीला नेतो आपण. द्राक्ष आपलं, माती आपली, ऊन आपलं, आणि चव सांगायला शब्द मात्र परक्या झुडपावरचा. बास, पुन्हा चढायला लागला राग.

तर पुढचं टेस्टिंग माझ्याकडे, गच्चीवर, रविवारी संध्याकाळी पाचला. ओतल्यावर दहा मिनिटं कोणीही बोलायचं नाही. "अंऽ", "वा" असले आवाजही नाहीत, भुवया पण उडवायच्या नाहीत. आधी लिहायचं, मग प्रत्येकाने आपलं वाचायचं, नवीन माणसाने पहिलं आणि सीनियरने शेवटी. एक वाइन मी गुपचूप दोनदा ओतणार आहे, तेव्हा फार आत्मविश्वासाने मार्क देऊ नका. शिराजला मी "मिरी येत नाही" असं लिहिणार आहे, मोठ्या अक्षरात.

ताई, तुम्ही फ्रेंडलिस्टमध्ये नाही, पण ज्यांनी तुम्हाला आणलं त्यांनी ही पोस्ट दाखवा त्यांना. या नक्की. त्र्यंबक रोडवरून करवंदं मी आणून ठेवतो, ग्लासाशेजारी ठेवून वास घेऊन बघू, खरंच तसं येतंय का. नसेल येत तर तुम्हीच खोडा, पण स्वतःच्या नाकाने.

आणि येताना थुंकायला आपापला मग आणा. मागच्या वेळी बायकोचा इडलीच्या पिठाचा डबा वापरला गेला, तो विषय घरी अजून संपलेला नाही.