वीजबिल कमी करायचे असेल तर आधी गच्चीवर जा

उन्हाळ्याचे पहिले बिल हातात पडले की बहुतेक घरांत एकच चौकशी सुरू होते: दिवा कोणी चालू ठेवला आणि चार्जर प्लगमध्ये कोणी विसरला. काही वर्षे आमच्याही घरी हेच चालत असे. एका उन्हाळ्यात मी रोज सकाळी आणि रात्री ठरावीक वेळी मीटरचे आकडे वहीत लिहू लागलो, आणि पंधरा दिवसांतच लक्षात आले की आपण ज्यासाठी मुलांना रागावतो त्याचा बिलाशी फारसा संबंध नाही. ९ वॅटचा एलईडी दिवा एक युनिट वीज खर्च करायला १११ तास घेतो, तर दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालत असताना तेवढीच वीज साधारण चाळीस मिनिटांत ओढतो. उष्ण शहरातल्या घराचे वीजबिल हे मुख्यतः घरात शिरलेल्या उष्णतेचे बिल असते, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि म्हणूनच नवीन उपकरण घेण्याचा विचार करण्यापूर्वी ही उष्णता कुठून येते ते शोधावे असे मला वाटते.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी याचे उत्तर डोक्यावरच असते. भर दुपारी निरभ्र आकाशातून एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते, म्हणजे पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर एकाच वेळी पन्नास किलोवॅट. काळपट, जुने काँक्रीट त्यातले बहुतांश शोषून घेते. त्यातली बरीच उष्णता हवेत परत जाते हे खरे, पण उरलेली स्लॅबमध्ये हळूहळू खाली झिरपत राहते आणि काही तासांनी छताच्या खालच्या बाजूला पोहोचते. सूर्य मावळल्यानंतरही खोली का तापते आणि रात्री नऊ वाजता छताला हात लावला तर ते गरम का लागते, याचे कारण हेच आहे. गच्चीला चुन्याचा किंवा ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगाचा थर दिला, तर नवा असताना तो पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग आल्या वाटेने परत पाठवतो. धूळ बसली की हा गुण कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात गच्ची अधूनमधून धुऊन घ्यावी लागते, आणि चुना असेल तर तो पावसानंतर पुन्हा लावावा लागतो. मला ठाऊक असलेल्या सगळ्या उपायांत खर्चाच्या मानाने इतका गुण देणारा दुसरा उपाय नाही.

त्यानंतर पश्चिमेची खिडकी. दुपारनंतरचे तिरपे ऊन काचेतून आत आले की फरशी, भिंत आणि सामान तापवते, आणि ती उष्णता काचेतून सहज बाहेर पडत नाही. आपण आतून जाड पडदे लावतो. पण तोपर्यंत ऊन काच ओलांडून आत आलेले असते, पडदा स्वतः तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. तेच आडोशाचे साधन बाहेरून लावले, मग ती चटई असो, छज्जा असो, जाळीचे कापड असो किंवा वेल, तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. हा फरक इतका मोठा आहे की घर बांधणाऱ्यांनी पश्चिमेला उघडी काच देण्यापूर्वी दहादा विचार करायला हवा. त्या काचेची किंमत राहणारा माणूस पुढे अनेक वर्षे दर महिन्याला भरत राहतो.

एवढे झाल्यावर एसीकडे वळावे. भिंती आणि काचांमधून आत येणारी उष्णता ही बाहेरच्या आणि आतल्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असते. बाहेर ४० अंश असताना आत २४ अंश ठेवले तर फरक १६ अंशांचा होतो, २७ ठेवले तर १३ अंशांचा, म्हणजे या मार्गाने येणारी उष्णता जवळजवळ एक पंचमांशाने घटते. छताचा पंखा मंद गतीने सोबत चालू ठेवला तर अंगावरून हवा फिरत राहते आणि २७ अंशही सुखाचे वाटतात. रिमोटवर १८ अंश लावल्याने खोली लवकर गार होते हा समज मात्र सोडून द्यावा. एकाच वेगाने चालणारा जुना कॉम्प्रेसर त्याने अधिक गारवा देत नाही, फक्त अधिक वेळ चालत राहतो. एसीची जाळी धुळीने भरली की हवा अडते, यंत्राला तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वेळ लागतो, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी ती स्वतः काढून धुवावी. हे पाच मिनिटांचे काम आहे.

कूलरबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण इथे अनेकांचे पैसे वाया जातात. कोरड्या हवेत, ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असताना, चांगला कूलर २६-२७ अंशांची हवा देऊ शकतो आणि तेही एसीच्या वीजखर्चाच्या लहानशा हिश्शात. पण तापमान ३३ आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर तोच कूलर जेमतेम दोन-तीन अंश उतरवतो आणि खोली दमट करून टाकतो. शिवाय त्याला मोकळी खिडकी लागते. खोली बंद करून कूलर लावणे म्हणजे स्वतःच्याच घामात बसणे. समुद्राजवळच्या शहरातील माणसाने कोरड्या प्रदेशातल्या नातेवाइकाचे पाहून कूलर घेऊ नये.

पंख्यांचा हिशेब मात्र सर्वत्र सारखा आहे. जुना छताचा पंखा पूर्ण वेगाने सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी मोटरचा (म्हणजे ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला वीस युनिटे वाचतात. फ्रिजचे तसे थोडक्यात: त्याच्या मागे हवा खेळायला जागा असावी, आणि दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावल्यावर ती सहज निसटत असेल तर रबर बदलावे. बारा महिने चोवीस तास प्लगमध्ये राहणारे १० वॅटचे एखादे उपकरणही वर्षाला ८७ युनिटे खाते.

पाण्याचेही बिल येते, आणि पाणी वर चढवायला वीज लागते, हे आपण विसरतो. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहावा आणि सकाळी पाणी वापरण्यापूर्वी पुन्हा पाहावा. आकडा पुढे गेला असेल तर घरात कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा ती फ्लशच्या टाकीत असते. टाकीत थोडा रंग टाकून अर्धा तास थांबल्यावर भांड्यात रंग उतरला, तर दोष सापडला. गच्चीवरच्या टाकीतले पाणी उन्हाळ्यात आपोआप तापते, त्यामुळे त्या दिवसांत गीझरचा मुख्य स्विचच बंद ठेवावा.

बिलाचा कागदही नीट वाचावा. अनेक ठिकाणी वापर वाढेल तसा पुढच्या टप्प्याचा दर वाढतो, त्यामुळे शेवटची वीस-तीस युनिटे सगळ्यात महाग असतात आणि बचतही तिथेच होते. एका महिन्यात मला मीटर न पाहता सरासरीने काढलेले बिल आले होते. वहीत तारखेनिशी आकडे होते म्हणून ते दुरुस्त करून घेता आले, नाहीतर तक्रारीला आधारच नव्हता.

मात्र बचतीसाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या बाळांना उकाड्यात ठेवण्याला माझा पूर्ण विरोध आहे. त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की पंखा गरम वाराच अंगावर आणतो, आणि वयामुळे घाम कमी येत असेल तर तो पुरेसा ठरत नाही. अशा दुपारी एसी लावणे ही चैन नाही, आणि त्या युनिटांचा हिशेब करू नये. बाकीची उष्णता बाहेर अडवायची ती त्यांच्या खोलीतला एसी निश्चिंतपणे लावता यावा म्हणूनच.

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण मी जाणतो. गच्ची त्यांची नसते, भिंतीला खिळा मारायचीही परवानगी लागते, आणि बिल मात्र त्यांच्याच नावावर येते. घरमालकाला पांढऱ्या थराचे महत्त्व सांगताना स्लॅबच्या आयुष्याचा मुद्दा पुढे करावा, असे मी सुचवेन: रोजच्या तापण्या-थंडावण्याने काँक्रीट प्रसरण-आकुंचन पावते, त्याला भेगा पडतात आणि पुढे त्यातूनच पाणी झिरपते. गच्ची सामायिक असेल तर हा खर्च सर्व मजल्यांनी वाटून घ्यावा, कारण ऊन झेलणारे वरचे घर एकटे असले तरी छत सगळ्या इमारतीचे आहे. आमच्या इमारतीत हा विषय दोन बैठकांत अडून राहिला. तिसऱ्या बैठकीला मी सगळ्यांना रात्री नऊ वाजता घरी बोलावून छताला हात लावायला सांगितले, आणि वर्गणी त्याच आठवड्यात जमा झाली.