पासिंग म्हणजे नुसता रंग आणि पाकीट?

टेम्पोवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो तिघांनी पाठवला, तिघंही माझे गिऱ्हाईक. मजकूर थोडक्यात असा: गाडीची पीयूसी आहे, विमा आहे, वेळेवर सर्व्हिसिंग होतं, मग पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, कशाला? इन्स्पेक्टर चेसिस नंबर बघतो, रंग बघतो, पाकीट घेतो. आता मशीनवाली सेंटरं आणलीत ती चांगल्या गाड्या फेल करून दुरुस्तीचा धंदा चालवायला. आणि पंधरा वर्षं झाली की गाडी तोडायलाच न्यायची. शेवटी नेहमीचं, प्रत्येक गाडीमालकापर्यंत पोहोचवा.

मी गॅरेजवाला. पासिंगच्या आधी गाड्या तयार करून देणं हा माझा निम्मा धंदा आहे. पासिंग बंद झालं तर माझंही नुकसान, हे आधीच सांगून टाकतो. तेवढं धरून वाचा.

पीयूसीचं म्हणाल तर ती सायलेन्सरच्या तोंडाशी सुरू होते आणि तिथंच संपते. पेट्रोल गाडी असेल तर सायलेन्सरमध्ये नळी घालून इंजिन आयडलवर असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. डिझेल असेल तर न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धुराची दाटी बघतात. गाडी जागची हलत नाही. ब्रेक नसलेली गाडी ढकलत नेलीत तरी पीयूसी मिळेल. विम्याचंही तेच, चालू विमा पुढच्या वर्षी वाढवताना कोणी तुमच्या टेम्पोखाली वाकून बघत नाही. उलट १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५६ असं सांगतं, की व्यावसायिक गाडीला फिटनेस नसेल तर तिची नोंदणीच वैध धरायची नाही. अपघात झाल्यावर ही गोष्ट आपल्याला कळू नये, एवढंच.

‘वेळेवर सर्व्हिसिंग होतं’ यावर बोलायचा मला हक्क आहे. गाडी माझ्याकडे येते तेव्हा मालक सांगेल तेच काम मी करतो. ऑइल बदला, ग्रीसिंग करा, क्लच जड लागतोय तो बघा. ज्याची तक्रार नाही त्याचं काम सांगितलं की पहिला प्रश्न, ‘मिस्त्री, बिल वाढवताय का?’ आणि तक्रार येत नाही कारण ती ड्रायव्हरला कळतच नाही. खराबी हळूहळू होते आणि माणूस तिच्यासकट गाडी चालवायला शिकतो.

हे गेल्या आठवड्यातलंच. एक भाजीचा टेम्पो, रोज पहाटे मार्केट यार्डात जाणारा. मालक स्वतः चालवतो, हात चांगला आहे. मशीनवर ब्रेक तपासायला घेतला. जमिनीत डाव्या आणि उजव्या बाजूला रोलरची एकेक जोडी असते. पुढची दोन्ही चाकं त्यावर चढवायची, रोलर चाकांना फिरवतात, मग ब्रेक दाबत न्यायचा. डाव्या चाकाचा जोर वेगळा दिसतो, उजव्याचा वेगळा. उजव्याचा आकडा वर गेला आणि डावा निम्म्यातच अडकला. मालक म्हणाला, ‘मशीन बिघडलंय, माझी गाडी सरळ थांबते.’

सरळ थांबत होती हे खरं. चाक उतरवून ड्रम काढला तर डाव्या बाजूचं व्हील सिलिंडर झिरपत होतं, ब्रेक ऑइलनं ब्रेकचा लायनर भिजून काळा चिकट झालेला. ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढली जायची आणि त्याचा हात आपोआप स्टिअरिंग जरासं डावीकडे द्यायचा. किती महिने देत होता ते त्यालाही माहीत नाही. कोरड्या रस्त्यावर, ताशी तीस-चाळीसच्या वेगात, ते चालून गेलं. पावसात, माल भरलेला असताना, घाट उतरताना हाताला तेवढी फुरसत मिळाली नसती.

स्टिअरिंगच्या सांध्यांचं असंच. टेम्पो खड्ड्यावर उभा करतात, चाकाखालच्या पट्ट्या इकडून तिकडे सरकवतात आणि खालून माणूस टॉर्च मारून किंगपिन, टाय रॉड एंड किती खेळतायत ते बघतो. वर बसलेल्याला यातलं काही जाणवत नाही. हेडलाइटचंही तसंच, मागचे कमानपाटे बसले की पुढचा झोत वर जातो, आपल्याला रस्ता लांबपर्यंत दिसतो म्हणून आपण खूश, आणि समोरचा आंधळा.

आता ‘इन्स्पेक्टर फक्त रंग बघतो’. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ६२ काढून बघा. फिटनेससाठी काय काय तपासायचं त्याचा तक्ताच दिलाय: स्पार्क प्लगची सप्रेसर कॅप, हेडलाइटचा झोत, बाकीचे दिवे, रिफ्लेक्टर, आरसा, काच, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्पीडोमीटर, स्टिअरिंग. त्यात रंग नाही. टॅक्सी किंवा स्कूलबसच्या रंगाच्या अटी आहेत, पण त्या वेगळ्या नियमांच्या.

तरी मेसेजमधली ही ओळ सगळ्यात खरी वाटते, आणि का वाटते तेही मला माहीत आहे. मी स्वतः असं पासिंग पाहिलंय. मैदानात गाड्यांची रांग, चेसिस नंबर जुळवला, दिवे लावून बघितले, झाली सही. पासिंगपुरते चांगले टायर भाड्यानं मिळतात, संध्याकाळी परत. अग्निशामक नळकांडं एकाचं दुसऱ्याच्या गाडीत फिरतं. हे आम्हीच करतो, साहेबांच्या माथी सगळं मारून चालणार नाही. अशी वरवरची तपासणी होते म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि ब्रेक खरोखर चालवून बघायला आरटीओंकडे २५० मीटरचा ट्रॅक हवा असं न्यायालयानं बजावलं. म्हणजे न्यायालयाचं म्हणणं मेसेजच्या उलट निघालं. पासिंग नीट होत नाही, तर ते नीट करा. बंद करा असं कोणी म्हटलं नाही.

मशीनचा मुद्दा इथूनच येतो. राज्यात नाशिकला असं तपासणी केंद्र बरंच आधी आलं. २०२१च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं अशा स्वयंचलित तपासणी केंद्रांचे वेगळे नियम काढले. ‘फेल करून दुरुस्तीचा धंदा’ म्हणणाऱ्यानं ते वाचलेले नाहीत: तपासणी करणाऱ्या केंद्राला दुरुस्तीचं काम करता येत नाही, गाड्या विकता येत नाहीत, स्पेअर पार्टही विकता येत नाहीत. तुमची गाडी फेल झाली तर दुरुस्तीचे पैसे त्यांना मिळत नाहीत, ते माझ्यासारख्याला मिळतात. संशय घ्यायचाच तर माझ्यावर घ्या. आणि फेल म्हणजे भंगार नाही. दुरुस्ती करून गाडी पुन्हा न्यायची, निकाल पटला नाही तर अपील आहे. मशीनलाही बगल देणारे निघतील, निघालेही असतील. पण आकड्याशी वाद घालता येतो. नुसत्या सहीशी काय घालणार?

राहिली पंधरा वर्षांची भीती. इथं तीन-चार वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. सरकारी गाड्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर वाढवायची नाही, हे १ एप्रिल २०२३ पासून आहे. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षं, हा दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी हरित लवादाचा आदेश. मुंबईच्या टॅक्सीला वीस वर्षांची अट. म्हणून २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, इंजिन चालत असो वा नसो. ही सगळी वयाची बंधनं आहेत, तपासणीशी त्यांचा संबंध नाही. तुमची घरची गाडी पंधरा वर्षांची झाली तर तपासणी करून नोंदणी पुढची पाच वर्षं वाढवून मिळते, त्यानंतर परत पाच. टेम्पोचं म्हणाल तर आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा पासिंग आणि पुढे दरवर्षी. आठनंतर दरवर्षी का, ते गॅरेजमध्ये कोणाला सांगावं लागत नाही.

फीच्या वाढीबद्दल, स्लॉट मिळत नाही म्हणून दिवस बुडतो त्याबद्दल, एजंटांबद्दल मेसेज लिहा. मी सगळ्यात आधी पुढे पाठवीन.

तो भाजीचा टेम्पो अजून माझ्याकडेच उभा आहे. दोन्ही बाजूंचे लायनर नवे घातले, सिलिंडर बदलला, ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, उद्या सकाळी. गुरुवारी परत मशीनवर न्यायचाय. मालकानं परवा रात्री मला हाच मेसेज पाठवला होता, खाली हात जोडल्याचं चित्र. मी त्याला एवढंच कळवलंय, की गुरुवारी टायर भाड्याचे नकोत, गाडीचे स्वतःचेच राहू देत.