‘तेव्हाच का नाही सांगितलं?’ या प्रश्नाला उत्तर

गणपतीच्या आधीपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवाडीच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव नाही. सारांश असा : मुंबईहून सणाला येणारी शिकलेली मुले-मुली हल्ली वीस-वीस वर्षांपूर्वीच्या ‘तसल्या’, म्हणजे लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या, गोष्टी काढून घरातल्या वडीलधाऱ्यांवर आरोप करतात, खरे असते तर तेव्हाच सांगितले असते, लहान मुले असले काही लक्षात ठेवत नाहीत, हे आरोप नेमके जमिनीच्या वाटणीच्या वेळी निघतात, खरे असले तरी ते घरात, फार तर गावकीत मिटवावे, कारण पोलिसांत गेले की मुलीचेच आयुष्य संपते, आणि समुपदेशक मंडळी भरलेल्या जखमांच्या खपल्या काढून पैसे कमावतात. मुलग्यांविषयी शेवटी एक ओळ आहे, ती पुढे येईलच. मजकुरात शिवीगाळ नाही, भाषा घरातल्या जाणत्या माणसाची आहे. तो पुढे पाठवणाऱ्यांत कितीतरी सज्जन माणसे आहेत ती यामुळेच, आणि म्हणून त्याला मुद्द्यांनी उत्तर देणे भाग आहे.

सगळा मजकूर एका वाक्यावर उभा आहे : ‘खरं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.’ साप दिसला, कोणी मारले, पैसे हरवले तर मूल धावत येऊन सांगते, कारण अशा वेळी आपला कोण आणि परका कोण याविषयी त्याच्या मनात गोंधळ नसतो. लैंगिक अत्याचारात हा गोंधळच मुख्य असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर बालकांवरील बलात्काराच्या स्वरूपाच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. आपल्याकडच्या घराची रचना डोळ्यांसमोर आणावी. वडील मुंबईला नोकरीवर, आई शेतात किंवा काजूच्या कारखान्यात, घर आजीच्या आणि एखाद्या काकाच्या हाती. तोच काका शाळेची फी भरतो, बाजारातून खाऊ आणतो, आजारपणात दवाखान्यात नेतो. अशा माणसाने काही केले तर मुलाजवळ त्यासाठी शब्द नसतात. ‘सांगितलंस तर आईला घराबाहेर काढतील’ ही धमकी त्याला अक्षरशः खरी वाटते, आणि पुष्कळदा तीत तथ्यही असते. काही वेळा धमकीची गरजच पडत नाही, लाडच पुरतात. मग मुलाला आपणही त्यात सामील होतो असे वाटू लागते आणि ती अपराधी भावना तोंड बंद ठेवायला पुरेशी होते.

‘मग ओरडली का नाही’ हा याच प्रश्नाचा दुसरा अवतार. टोकाच्या भयात पळणे किंवा प्रतिकार करणे शक्य नसेल तर शरीर गोठते, हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही. ही मेंदूची आपोआप होणारी क्रिया आहे आणि मोठ्या, धडधाकट माणसांतही ती दिसते. मुलाला हे कोणी समजावून सांगत नाही, त्यामुळे ‘मी गप्प का राहिले’ हा प्रश्न ते आयुष्यभर स्वतःलाच विचारत राहते. तोच प्रश्न आपण पुन्हा विचारतो तेव्हा त्यातून काहीही नवे कळत नाही.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल अत्याचारावरील पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतल्या त्या पाहणीत महाराष्ट्र आणि गोवा होते. १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले. त्यांतील ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक तरी प्रकार सोसल्याचे सांगितले. तिथली व्याख्या व्यापक होती, अश्लील चित्रे दाखवण्यासारखे प्रकारही तीत धरले होते, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा. मात्र आपल्या विषयासाठी त्याच पाहणीतली दुसरी नोंद अधिक महत्त्वाची आहे : बहुतेक मुलांनी घडलेली गोष्ट कोणालाही सांगितलेली नव्हती. याचा अर्थ गप्प राहणे हा अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे, आणि जे नेहमीच घडते त्याला खोटेपणाचा पुरावा म्हणता येत नाही.

शिवाय मूल अगदीच काही सांगत नाही, असेही नसते. ‘मी त्यांच्याकडे झोपायला जाणार नाही’ हे सांगणेच असते. बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, डॉक्टरांना कारण सापडत नाही अशी पोटदुखी ठरावीक दिवशीच उठते, हुशार मूल अचानक वर्गात मागे पडते. घर याला हट्ट म्हणते, नजर लागली म्हणते, कधी अंगारा लावते तर कधी देवस्की करणाऱ्याकडे नेते. यांपैकी प्रत्येक लक्षणाची दुसरी शंभर कारणे असू शकतात, त्यामुळे एका लक्षणावरून कोणावर बोट ठेवू नये. पण त्यामागे काही असेल का, हा प्रश्नच ज्या घराच्या मनाला शिवला नाही, त्या घराने पुढे ‘तेव्हाच का नाही सांगितलं’ असे विचारावे हे मला फार अन्यायाचे वाटते.

आता वाटणीचा मुद्दा. सामाईक जमिनीचे, सातबाऱ्यावरच्या नावांचे, आंब्याच्या कलमांचे वाद कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि त्यांत माणसे वाट्टेल ते आरोप करतात, हे कोणी नाकारणार नाही. खोटी तक्रार अशक्य आहे असा दावा मी करत नाही. कायद्यानेही तो केलेला नाही : १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या, बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या आणि ‘पोक्सो’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याच्या कलम २२ मध्ये बदनामी किंवा खंडणीसाठी खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला शिक्षेची तरतूद आहे. पण वाटणीच्या वेळी गोष्ट निघते याला एक साधे कारण आहे, ते मजकूर लिहिणाऱ्याला सुचलेले दिसत नाही. वाटणीला सगळ्या सहहिस्सेदारांना एका पडवीत बसावे लागते. ज्याच्यापासून दूर राहण्यासाठी बाई पंधरा वर्षे मे महिन्यातही गावी आली नाही, त्याच्या शेजारी बसून तिला सह्या करायच्या असतात. गणपतीचेही तसेच : तेच माजघर, तोच वास, तीच झोपायची जागा, आणि पाया पडायला पुढे केलेला तोच माणूस. अनेकदा स्वतःची मुलगी त्या वयाची झालेली असते आणि ‘राहू दे तिला सुट्टीत इथेच’ असे घरातले कोणी सहज म्हणते. ज्या क्षणी गप्प राहणे दुसऱ्या मुलाला महाग पडणार असे दिसते, त्या क्षणी माणूस बोलतो. ज्याला हे संशयास्पद वाटते त्याने स्वतः आईबाप म्हणून विचार करून पाहावा.

‘मुले विसरतात’ हे विधान अर्धे तपासण्यासारखे आहे. आघाताची आठवण पुष्कळदा सलग नसते. तारीख, क्रम, बोललेले शब्द हरवतात, आणि एखादा वास, कडी लावल्याचा आवाज, छताचा एक तुकडा मात्र लख्ख राहतो. म्हणून सांगण्यात विसंगती आढळली की ‘बघा, खोटं’ असा निष्कर्ष काढणे चूक, आणि उलट बाजूने, आग्रहाने प्रश्न विचारून रिकाम्या जागा भरून घेणेही चूक, कारण सूचक प्रश्नांनी आठवण बदलू शकते, लहान मुलाची तर विशेषच. ‘त्याने असं केलं ना?’ असे न विचारता ‘पुढे काय झालं ते तुला सांगावंसं वाटलं तर सांग’ इतकेच म्हणावे. आणि प्रसंग नीट आठवत नाही म्हणून त्याचा परिणाम उरत नाही, असे मुळीच नाही. अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या, हजारो प्रौढांच्या अभ्यासात असे आढळले की ज्यांनी बालपणी अत्याचार, घरातील हिंसा, व्यसन अशा प्रकारांतले चार किंवा अधिक अनुभव घेतले होते, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. हा धोका आहे, भविष्य नव्हे. असंख्य माणसे यातून सावरून चांगले आयुष्य जगतात.

मजकुरातला सर्वांत घातक सल्ला गावकीचा आहे, कारण तो व्यवहार्य वाटतो. जिच्यावर अत्याचार झाला ती किंवा तो आज अठरा वर्षांखालील असेल तर हा पर्याय कायद्यात नाहीच. पोक्सोच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे कलम २१ नुसार स्वतंत्र गुन्हा आहे. आपसांत समझोता झाला म्हणून असा खटला रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले. राहिला ‘आयुष्य संपते’ हा भाग. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. त्याला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. जबाबाच्या आणि साक्षीच्या वेळी आरोपी समोर येणार नाही याची काळजी घ्यायची असते. विश्वासातले माणूस न्यायालयात सोबत बसू शकते. आणि नाव, पत्ता, शाळा यांपैकी काहीही प्रसिद्ध करायला बंदी आहे. खटला शक्यतो एका वर्षात संपवावा असेही कायदा सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळ खटले रेंगाळतात आणि हे वर्णन प्रत्येक ठिकाणी पाळले जात नाही, हे मान्य. पण गावकीत काय होते? ज्या मुलीचे नाव कायदा झाकून ठेवतो ते संध्याकाळपर्यंत साऱ्या वाडीला ठाऊक होते, तिच्यासमोर त्या माणसाला नारळावर हात ठेवायला लावतात, आणि दुसऱ्या दिवशी दोघेही त्याच पाणंदीने ये-जा करतात.

प्रौढ व्यक्तीने आपल्या बालपणाविषयी सांगितले तर परिस्थिती वेगळी असते. तक्रार करायची की नाही, केव्हा करायची, हा निर्णय तिचा. २०१२ पूर्वीच्या घटनांना पोक्सो लागू होत नाही, त्यांचा विचार जुन्या दंड संहितेनुसार होतो आणि मुदतीचे प्रश्न गुन्ह्याच्या कलमावर अवलंबून असतात. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना आणि बालकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना आणि बालकांना आर्थिक मदत देणारी महाराष्ट्राची २०१३ पासूनची मनोधैर्य योजना याच प्राधिकरणामार्फत चालते.

मुलग्यांविषयीची ओळ अशी : ‘पोरग्यांचं काय बिघडतं?’ वर सांगितलेल्या २००७ च्या पाहणीत लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. पोक्सो मुलगा-मुलगी भेद करत नाही. यावर अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

समुपदेशक खपल्या काढतात, हा समज उपचारांच्या माहितीअभावी आहे. आघातावरचे चांगले उपचार आठवणी काढण्यापासून सुरू होत नाहीत. झोप, धाप, अचानक येणारी भीती यांवर ताबा मिळवणे, आज आपण सुरक्षित आहोत हे शरीराला पटवणे, हे आधी. प्रसंगाविषयी बोलणे नंतर, आणि तेही रुग्णाच्या गतीने. पहिल्याच भेटीत सगळे सांगायला लावणारा समुपदेशक बदलावा. माणसे कमी आहेत आणि अंतरे लांब आहेत, ही कोकणातली खरी अडचण आहे. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय राज्यातल्या अशा चार शासकीय रुग्णालयांपैकी एक आहे, पण आपल्याकडे त्याचे नाव चेष्टेतच जास्त घेतले जाते आणि त्या चेष्टेमुळे कित्येक जण तिथली पायरी चढत नाहीत. २०२२ पासून ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, मराठीत, विनामूल्य बोलता येते.

ज्या आत्येला, मावशीला किंवा वहिनीला कोणी हे प्रथम सांगेल, तिच्या हातात मात्र यांतल्या कोणत्याही संस्थेपेक्षा जास्त आहे, कारण पुढे बोलायचे की कायमचे मिटायचे हे ऐकणाऱ्याच्या पहिल्या दोन वाक्यांवर पुष्कळसे ठरते. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही’ एवढे पुरते. त्या माणसाला लगेच जाब विचारायला उठू नये, सांगणाऱ्याला न विचारता भावाला किंवा नवऱ्याला सांगू नये, आणि ‘आता माफ कर’ तर म्हणूच नये. तिला त्याच्या पाया पडायला लावू नये, आरतीला त्याच्या शेजारी उभे करू नये, झोपायची सोय दुसऱ्या घरी करावी. कारण विचारणाऱ्याला ‘तिला बरं नाही’ असे सांगितले तरी चालते. एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही. तो माणूस आजही मुलांना शिकवणीला बोलावत असेल, किंवा त्याच घरात आज एखादे लहान मूल असेल, तर तसे तिला स्पष्ट सांगून १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करावा. तो चोवीस तास चालू असतो.