घटना कोणी लिहिली, यावरून परत भांडण

दर २६ जानेवारीला आमच्या फॅमिली ग्रुपवर ठरलेला कार्यक्रम. एक काका लिहिणार घटना बाबासाहेबांनी एकट्याने लिहिली, दुसरे लगेच फॉरवर्ड टाकणार की खरा मसुदा घटना समितीचे सल्लागार बी. एन. राव यांचा, आणि मध्येच कोणीतरी गुड मॉर्निंगची फुलं.

अहो, हे श्रेय बाबासाहेबांनी स्वतःच वाटून टाकलंय. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात ते सरळ सांगतात की सगळं श्रेय माझं नाही, त्यात राव आहेत, आणि किचकट गोष्ट सोप्या कायदेशीर भाषेत बसवणारे एस. एन. मुखर्जी आहेत. मुखर्जींचं नाव आमच्या ग्रुपवर आजवर एकदाही आलेलं नाही!

पण राववाल्या काकांनी पण जरा थांबावं. मसुदा समितीत सात जण होते खरे, पण घटना समितीचे सदस्य टी. टी. कृष्णमाचारींनी नोव्हेंबर १९४८ मध्ये सभागृहातच हिशोब मांडला, एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक राज्यकारभारात अडकलेले, एकदोघं दिल्लीपासून लांब आणि तब्येतीने बेजार, म्हणजे शेवटी ओझं कोणाच्या डोक्यावर, तर आंबेडकरांच्या. आणि गंमत म्हणजे बाबासाहेब घटना समितीत जवळजवळ नसतेच. बंगालमधून निवडून आलेले, फाळणीत ती जागा गेली, मग घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी ३० जून १९४७ ला मुंबई प्रांताचे पंतप्रधान (म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेरांना पत्र लिहिलं की १४ जुलैच्या अधिवेशनाआधी यांना निवडून पाठवा. बॅ. जयकरांनी सोडलेली जागा होती, त्यावर आले. ज्या काँग्रेसशी वर्षानुवर्षं भांडले तिनेच बोलावून घेतलं.

मला मात्र बाबासाहेबांच्या त्या २५ नोव्हेंबरच्या भाषणातला वेगळाच भाग आवडतो. मसुद्याला दुरुस्त्या आल्या ७,६३५, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि ज्यांनी दुरुस्त्या आणून आणून डोकं खाल्लं त्या बंडखोरांचे बाबासाहेबांनी नावं घेऊन आभार मानले, आपले अमरावतीचे पंजाबराव देशमुख पण त्यात. सगळे होयबा असते तर चर्चा कंटाळवाणी झाली असती असं त्यांचं म्हणणं.

त्या यादीत एच. व्ही. कामत पण आहेत. हे तेच, ज्यांना घटनेच्या उद्देशिकेची (प्रास्ताविकेची) सुरुवात देवाच्या नावाने हवी होती. सदस्य पूर्णिमा बॅनर्जींनी विनवलं की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका, पण कामत हटेनात. झालं मतदान. ४१ विरुद्ध ६८, देव पडला.