दानातला पगार

मंडळी, वन्यजीवांसाठी वर्गणी मागितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "यातले प्राण्यांपर्यंत किती पोचतात आणि पगारात किती जातात?" सोसायटीच्या गणपतीच्या शिलकीतून थोडी रक्कम अशा संस्थेला द्यावी असं मी सुचवलं, तेव्हाही हेच झालं. हिशोब मागायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण पगारात गेलेला पैसा वाया गेला, हा समज मला अजिबात मान्य नाही. या क्षेत्रात पगार म्हणजेच काम.

गिधाडांचं बघा. मलबार हिलच्या डुंगरवाडीवर एकेकाळी गिधाडं घिरट्या घालायची. आता ती नाहीत, आणि पारशी समाजाला दोखम्यांमध्ये, म्हणजे गिधाडांसाठी मृतदेह ठेवायच्या उघड्या मनोऱ्यांमध्ये, सौर परावर्तक बसवावे लागले. कारण होतं डायक्लोफिनॅक, गाईबैलांना दिलं जाणारं वेदनाशामक. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली.

हे आपल्याला कळलं कसं? आपल्या मुंबईच्या बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, डॉ. विभू प्रकाश ऐंशीच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडांची घरटी मोजत होते. नव्वदीत त्यांनी पुन्हा मोजली, तेव्हा आकडा निम्म्याच्याही खाली आला होता. पहिली मोजणी झालीच नसती तर दुसरीला अर्थ उरला नसता. आणि तेव्हा गिधाडं गावोगाव दिसत होती! ती मोजायला पैसे द्या म्हणून कुणी दारात आलं असतं, तर आपल्यापैकी कितीजणांनी दिले असते?

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली, पण काम तिथे संपलं नाही. याच औषधाच्या माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांच्यावरही बंधन आलं. एसेक्लोफिनॅक आणि केटोप्रोफेन ही गिधाडांना तशीच घातक औषधं जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. मधल्या सगळ्या वर्षांत ही औषधं अजून विकली जातात का ते बघायला कुणीतरी गिऱ्हाईक बनून औषधाच्या दुकानांत जात होतं, आणि मेलेल्या जनावरांच्या यकृताचे नमुने गोळा करत होतं. हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात पिल्लं वाढवणारी माणसं वेगळीच. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणजे तिथल्या माणसांना किती वर्षं टिकवून धरावं लागतं बघा. या कामाचे फोटो कुणी शेअर करत नाही, पण गिधाडं परत येतील तर याच कामामुळे येतील.

कोकणातल्या वेळासला कासवं बघायला आपण मुंबईकर हौसेने जातो. जरूर जावं. तिथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी यांनी हे काम उभं केलं. गावातला माणूस पहाटे किनारा चालतो, वाळूतल्या मागावरून घरटं शोधतो आणि कुत्र्या-कोल्ह्यांच्या आधी अंडी उचलून कुंपणात नेऊन पुरतो. त्याच्या मानधनाला कात्री लावून कासव वाचणार आहे का?

मागे वर्सोव्याच्या बंदरावर एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, मला कापलेलं जाळं दाखवलं होतं. हात आरपार जाईल एवढं भगदाड, कडेने नायलॉनचे धागे लोंबत होते. आत कासव अडकलं होतं. कासवाला श्वास घ्यायला वर यावं लागतं, जाळ्यात अडकून राहिलं की ते गुदमरतं. म्हणून त्याने सुरी चालवली. संरक्षित जीव असा सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये देण्याची सरकारी योजना डिसेंबर २०१८ पासून आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. पण त्यासाठी सुटकेचं चित्रीकरण लागतं, अर्ज लागतो. बंदराबंदरांत जाऊन हे समजावून सांगायला माणूस हवा, आणि त्याचंही घर चालायला हवं.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबट्या दत्तक घेता येतो. चांगली गोष्ट आहे, पिंजऱ्यातल्या बिबट्याच्या खाण्यापिण्याची आणि औषधपाण्याची सोय होते. पण आरेच्या पाड्यांजवळून रात्री जाणारा बिबट्या कुणाला दत्तक घेता येत नाही. त्याच्यासाठी पाड्यात बसून लोकांशी बोलणारी, कचरा उचलला जावा म्हणून पाठपुरावा करणारी माणसंच लागतात.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दरमहा पाचशे द्या. ठरावीक रक्कम येत राहिली तर संस्थेला माणूस नेमता येतो, नाहीतर दर मार्चमध्ये त्याला घरी पाठवायची वेळ येते. देण्याआधी लेखापरीक्षणाचा अहवाल मागा, करसवलतीसाठीची ८०जीची पावती मिळते का ते विचारा. आणि अहवालात पगाराचा आकडा दिसला तर दचकू नका. तो कुणाला मिळतो आणि त्यात त्या गावची, त्या बंदरावरची माणसं किती आहेत, ते बघा.