भिंतीकडे तोंड करून ठेवलेली चित्रं

चार दिवस झाले, स्टुडिओ आवरतोय. न विकलेले जुने कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवले होते ते एकेक करून फिरवून बघतोय, त्यात एक सापडला, 2006 ची सही, एक रिकामी खुर्ची आणि खिडकीतून आलेला उजेड, बाकी काही नाही. उजेडासाठी तेव्हा झिंक व्हाइट जाड थापलेला, तो आता ठिसूळ होऊन तडकलाय आणि त्या फटीतून खालचा हिरवा दिसतोय. म्हणजे तिथे आधी झाड होतं! मी साफ विसरलो होतो. खालच्या कोपऱ्यात ओल्या रंगात अंगठा टेकलेला, त्याच्या रेषासुद्धा शाबूत आहेत. तासभर जमिनीवर बसून नुसतं बघत राहिलो.

हे चित्र एका गॅलरीवाल्यांनी परत पाठवलं होतं, उदास आहे, सोफ्यामागे चालणार नाही म्हणून. त्याच शोमधलं पिवळ्या शेताचं चित्र पहिल्याच संध्याकाळी गेलं. मग तसंच अजून एक द्या, मग जरा छोटं, मग जरा उभं, असं करत मी तीन वर्षं पिवळी शेतंच काढली. भाव स्क्वेअर इंचावर, लांबी गुणिले रुंदी. त्या पैशांवर घर चाललं, त्याची मला अजिबात लाज नाही, आणि कलावंताने उपाशी राहावं असं म्हणणाऱ्यांचा तर मला मनापासून राग येतो. पण आज त्या शेतांचे फोटो काढून बघितले तर तिसऱ्या-चौथ्यानंतर हात नुसता सवयीने फिरलाय, शोधणं संपलंय.

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गचं 'थॉ' नावाचं एक काम आहे, 1958 मध्ये 900 डॉलरला विकलेलं. 1973 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचे 85,000 आले. राउशेनबर्ग स्वतः तिथे हजर होता आणि विकणाऱ्या संग्राहकाशी त्याची जोरदार जुंपली, कारण त्या वाढीव पैशातलं त्याला काहीच मिळणार नव्हतं. त्याचं बरोबरच होतं, फ्रान्सने तर 1920 मध्येच फेरविक्रीत कलावंताला वाटा देणारा कायदा केला होता. पण मला आज वेगळंच डोक्यात घोळतंय. त्या 15 वर्षांत चित्रात एक रेघ वाढली नाही ना कमी झाली. किंमत वाढली ती बाहेर, लोकांच्या हावेत आणि नावाच्या वजनात. मग माझी खुर्ची विकली गेली नाही म्हणून ती कच्ची, हे मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर धरून चाललो होतो?

जॉन बाल्डेसारी या अमेरिकन कलावंताने 1970 मध्ये आपली 1953 ते 1966 मधली हाताशी असलेली चित्रं सरळ दाहिनीत जाळली, पण तो त्याचा स्वतःचा निर्णय होता आणि त्यातूनच त्याने नवीन काम उभं केलं. मी काय केलं, तर कॅनव्हासचा खर्च वाचवायला न विकलेल्या सहा चित्रांवर पांढरा मारला आणि त्यावर पिवळी शेतं काढून विकली. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणाच्या तरी भिंतीवर त्या शेतांखाली माझी एक जिन्याची, एक वाळत टाकलेल्या चादरींची अशी चित्रं पुरलेली आहेत, आणि ती करताना मी किती जीव लावला होता ते मला आज त्या हिरव्या फटीमुळे आठवलं.

त्या काळातलं माझं पिवळं शेत तुमच्याकडे असेल तर मला कळवा. परत मागणार नाही, फक्त एकदा तिरप्या उजेडात जवळून बघू द्या, खालचे जुने फटकारे उठून दिसतात का तेवढंच बघायचंय.

खुर्ची आता बाहेरच्या भिंतीवर लावलीये, तडे तसेच ठेवलेत.